थायलंडला चार महिने: इंग्रजी शिकवायला आणि मंडळीत सेवेला जायचंय? मग हे आधी वाचा

जय ख्रिस्त मंडळी. गेल्या वर्ष-दोन वर्षांत इतक्या जणांनी विचारलंय ना की ताई तुम्ही थायलंडला कसं गेलात, किती पैसे लागले, व्हिसा कोणी दिला, की आता प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी नगरची, शाळेत इंग्रजी शिकवायचे, दोनदा उत्तर थायलंडला जाऊन आले, दोन्ही वेळेस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आठवडाभर चियांग माईजवळच्या एका मिशनच्या शाळेत वर्ग, आणि शनिवार-रविवार मे चेमकडच्या डोंगरातल्या एका करेन मंडळीत (करेन ही तिथली डोंगरातली जमात, मंडळी म्हणजे चर्च). मी काही मोठी मिशनरी वगैरे नाही. पण चुका भरपूर केल्यात, त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क आहे असं समजा.

पायरी शून्य: आपण कोण म्हणून चाललोय ते ठरवा

हे सगळ्यात आधी, पासपोर्टच्याही आधी. नगरच्या लोकांना सिंथिया फॅरार हे नाव माहीत असेल. अमेरिकेतून 1827 साली एकटी बाई मुंबईला आली, 1839 ला नगरला आली, मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 ला नगरमध्येच वारली. पस्तीस वर्षं! आपण जाणार चार महिने. तर "मी तिथे जाऊन बदल घडवणार" हा सूर डोक्यातून काढून टाका. ज्या चियांग माईला आपण सुवार्ता सांगायला जातोय म्हणतो तिथे पहिले मिशनरी 1867 मध्येच पोचलेत, तिथल्या मंडळ्या आज स्वतःच्या पायावर उभ्या आहेत, स्वतःचे पाळक, स्वतःच्या शाळा, हॉस्पिटलं, चियांग माईत पायप नावाची युनिव्हर्सिटीसुद्धा आहे. ख्रिस्ती लोक देशात साधारण एक टक्का, पण ते आपली वाट बघत बसलेले नाहीत. आपण हाताखाली मदतीला चाललोय.

आणि दुसरी गोष्ट जी मला आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना मुद्दाम सांगायचीय. "आमिष दाखवून बाटवलं" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलंय, माझ्या आजोबांना ऐकवलंय लोकांनी, मला कॉलेजात ऐकवलंय. मग तेच आपण दुसऱ्याच्या देशात करायचं का? फुकट इंग्रजी क्लासची पाटी लावायची, पोरं जमली की पंधरा मिनिटं ग्रामर आणि पाऊण तास संदेश, असं करणारे लोक मी बघितलेत, आणि आईबाप काही मूर्ख नसतात, त्यांना दुसऱ्याच दिवशी कळतं. माझा नियम सोपा आहे: क्लास म्हणजे क्लास, उपासना म्हणजे उपासना, दोन्हींची वेळ वेगळी आणि दोन्ही ठिकाणी पाटीवर खरं लिहिलेलं. मुलाला इंग्रजी नीट आलं पाहिजे, तो चर्चमध्ये येवो ना येवो. हे पटत नसेल तर पुढचं वाचायची तशी गरज नाही.

पायरी एक: बोलावणारं कोण ते पक्कं करा

आपणहून तिकीट काढून जायचं नाही. तिथली मंडळी किंवा शाळा हवी जी तुम्हाला लेखी बोलावते, राहायची सोय सांगते, किती तास शिकवायचं ते सांगते, आणि परमिटचे कागद स्वतः करते. आपल्या पाळकांना (पास्टरना) धरा, चर्चच्या ऑफिसातून पत्र जाऊ द्या, तिकडच्या पाळकांशी व्हिडिओ कॉल करा, आधी तिथं जाऊन आलेल्या दोन माणसांशी बोला.

इथे जरा घाबरवणारच आहे. "थायलंडमध्ये जॉब, राहणं-खाणं फ्री" अशा जाहिरातींमागून गेलेली आपली पोरं थायलंडच्या सीमेवरच्या मे सॉतहून मोई नदी पार करून म्यानमारच्या म्यावाडीत नेली गेली आणि तिथे त्यांना कोंडून ऑनलाईन फसवणुकीची कामं करायला लावली, 2025 च्या मार्चमध्ये अशा शेकडो भारतीयांना मे सॉतहून विमानाने परत आणावं लागलं. त्यामुळे कोणी व्हॉट्सॲपवर "टूरिस्टवर ये, पुढचं आम्ही बघतो" म्हणाला, बायबलचं वचन टाकून म्हणाला तरी, नाही म्हणायचं. मुंबईच्या इमिग्रेशनला पण हल्ली विचारतात, कुठे चाललात, कशाला चाललात. निमंत्रणाची प्रिंट हातात ठेवा आणि खरं तेच सांगा.

पायरी दोन: व्हिसा आणि कागद (इथे घाई करू नका)

सगळ्यात मोठा गैरसमज: "मी पगार थोडीच घेतेय, मग वर्क परमिट कशाला?" लागतं! थायलंडमध्ये बिनपगारी व्हॉलंटियर कामालाही परमिट लागतं. पर्यटक म्हणून जी एंट्री मिळते, ती फिरायलाच. तेवढ्यावर वर्गात उभं राहिलात आणि पकडलात तर पाच हजार ते पन्नास हजार बाट दंड आणि वर परत पाठवणी, आणि तुमच्यामुळे शाळेलाही त्रास.

शिकवायला जाणाऱ्यांना साधारण नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, धर्मसेवेला जाणाऱ्यांना आर, सामाजिक संस्थेत व्हॉलंटियरना ओ. तुमचं नक्की कशात बसतं ते बोलावणारी संस्था आणि मुंबईतलं थाई कॉन्सुलेट ठरवणार, मी नाही. शाळेत शिकवायला पदवी लागतेच. आपण इंग्रजीचे नेटिव्ह स्पीकर धरले जात नाही त्यामुळे टोइक किंवा आयल्ट्सचा स्कोअर मागतात, वाईट वाटून घेऊ नका, परीक्षा द्या आणि मोकळे व्हा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवाच्या साईटवरून, फी पाचशे रुपये, पण पोलीस स्टेशनचा माणूस घरी येईपर्यंत वेळ जातो. डिग्रीचं अटेस्टेशन हा वेगळाच वनवास आहे, आधी राज्याचं, मग परराष्ट्र खात्याचं, आणि मग बहुतेक कॉन्सुलेटचाही शिक्का, नुसत्या अपोस्टिलवर (परराष्ट्र खात्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्यावर) भागेल असं धरून बसू नका. माझा अनुभव म्हणाल तर निघायच्या पाच-सहा महिने आधी सुरुवात करा.

शिक्षक म्हणून परवानगी देणाऱ्या तिकडच्या कौन्सिलचं नाव खुरुसफा. हे नाव ऐकून मला पहिल्यांदा काही कळलं नाही, नंतर एका थाई बाईंनी लिहून दाखवलं तेव्हा पेटली ट्यूब: गुरुसभा!

विमानात बसायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली तर ती खोटी. पोचल्यावर घरमालकाने किंवा शाळेने तुमचा पत्ता चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवायचा असतो, त्यांनी कळवला का ते तुम्ही विचारा, लाजू नका. सलग नव्वद दिवस झाले की आपण स्वतः रिपोर्ट करायचा. व्हिसाची तारीख ओलांडली तर दिवसाला पाचशे बाट.

आणि आता माझी फजिती. पहिल्या वर्षी जानेवारीत लांब वीकेंड आला, आम्ही तिघी चियांग खाँगहून पूल ओलांडून लाओसला दोन दिवस जायचं ठरवलं. शाळेच्या ऑफिसात विचारलं, तिथली मुलगी हसून म्हणाली नो प्रॉब्लेम टीचर. परत येताना ऑफिसरने पासपोर्ट उलटा-सुलटा केला आणि मला साधा पर्यटकाचा शिक्का मारला. रि-एन्ट्री परमिट न काढता देशाबाहेर पडलं की आधीचा व्हिसा तिथेच मेला, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही वाचलं नव्हतं. हजार बाटचं परमिट, तेही इमिग्रेशन ऑफिसात अर्ध्या दिवसात मिळणारं! त्यासाठी पुढे लाओसच्या राजधानीला, व्हिएंटियानला जाऊन नवा व्हिसा, नवे कागद, तीन आठवडे वर्ग बंद, मी आपली लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालत बसले. तर बाहेर पाऊल टाकायच्या आधी रि-एन्ट्री. भिंतीवर लिहून ठेवा.

पायरी तीन: पैसे

मंडळीत पेटी फिरवून, नातेवाईकांकडून, तरुण संघाने वडापावचा स्टॉल लावून, जसं जमेल तसं जमवा, पण हिशोब लिहा आणि परत आल्यावर मंडळीसमोर वाचून दाखवा. एक बारीक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. चर्चच्या ट्रस्टच्या खात्यातून थेट परदेशातला खर्च करायला जाऊ नका, इन्कम टॅक्सच्या सवलतीला ट्रस्टचा पैसा भारतात वापरण्याची अट असते, त्यात ट्रस्टचं नुकसान होऊ शकतं. आधी सीएला विचारा. देणगीदारांनी वैयक्तिक तुम्हाला मदत केली तर ते प्रकरण वेगळं, तेही सीएलाच विचारा. बाकी खर्चात सगळ्यात जास्त जातात विमान, इन्शुरन्स आणि कागदपत्रं, तिथलं रोजचं जेवण आपल्याला परवडतं, शाळेच्या कँटीनमध्ये तर फारच. इन्शुरन्स मात्र काढाच, आणि त्यात दुचाकी अपघात धरलाय का ते बारीक अक्षरात बघा.

पायरी चार: आधी आपलं इंग्रजी दुरुस्त करा

हे वाचून कोणाला राग येईल पण सांगते. मी दहा वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की माझं अर्धं इंग्रजी मराठी आहे. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स", "व्हॉट इज युअर गुड नेम", "टुडे इटसेल्फ". हे आपल्याकडे चालतं, तिथे मुलं तसंच्या तसं पाठ करतात आणि पुढे परीक्षेत मार खातात. परक्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचा एकशे वीस तासांचा टेफल कोर्स ऑनलाईन मिळतो, तो कराच, सर्टिफिकेटसाठी नाही तर चाळीस मुलांना बोलतं कसं करायचं हे आपल्याला बीएडमध्ये कोणी शिकवलेलं नसतं म्हणून.

आणि आपला व. आपण व्हेस्ट आणि वेस्ट एकच म्हणतो. थाई मुलंही एकच म्हणतात. म्हणजे शिकवणारी आणि शिकणारे एकाच बोटीत! मी आरशासमोर खालच्या ओठावर दात ठेवून रोज दहा मिनिटं बसायचे, रूममेटला वाटलं दात दुखतोय.

भारतीय उच्चार ऐकून काही पालक नाक मुरडतात हे खरं आहे, लपवत नाही. एका पालक सभेत मला तोंडावर विचारलं, गोरा टीचर का नाही आला. मी काही बोलले नाही, महिन्याभराने त्यांचाच मुलगा स्टेजवर उभा राहून दोन मिनिटं न अडखळता बोलला, तेव्हाही मी काही बोलले नाही. पण मनातून उड्या मारत होते.

पायरी पाच: थाई शिका, आपल्याला सोपी आहे

गोऱ्या लोकांना थाई म्हणजे डोंगर वाटतो. सूर पाच आहेत, ते आपल्यालाही जड जातात, पण बाकी? त्यांची मुळाक्षरं उघडून बघा. आधी क-वर्ग, मग च, मग ट, त, प, मग य र ल व, मग श ष स ह आणि त्याच्यानंतर चक्क ळ! आपला ळ! उच्चार आता ल करतात पण अक्षर जागेवर आहे. व्यंजनं चव्वेचाळीस. काही स्वर अक्षराच्या आधी लिहितात, आपली ऱ्हस्व वेलांटी कशी आधी येते तसंच. शिवाय त आणि थ, प आणि फ यांतला फरक आपल्या जिभेला जन्मापासून येतो, इंग्रज माणूस तिथेच अडकतो. फुकेतमधला फ आपण बरोबर म्हणतो, त्यांना सांगून कळत नाही.

शब्द तर घरचेच. शिक्षकाला ख्रू, म्हणजे गुरू. मोठ्या शिक्षकाला आचान, म्हणजे आचार्य. भाषेला फासा. चर्चला, म्हणजे मंडळी या अर्थाने, ख्रितचक, लिहितात मात्र ख्रिस्त अधिक चक्र असं. शाकाहाराला मांगसविरत, तोडून बघा, मांस विरती. हे शेवटचं शाकाहारी लोकांनी पाठच करा. पण नुसतं तेवढं बोलून भागत नाही कारण नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, तो त्यांना मीठासारखा वाटतो, तो घातलेली भाजीसुद्धा भाजीच! पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दुकान दिसलं की तिथे नक्की शाकाहारी, कांदा-लसूणही नाही.

बायकांनी वाक्याच्या शेवटी खा, पुरुषांनी ख्राप. हे लावलं की अर्धी मोडकी थाईपण गोड वाटते.

पायरी सहा: बॅग

थोडक्यात. स्वेटर घ्या, लोक थायलंड म्हणजे बीच समजून टी-शर्ट भरतात आणि डिसेंबरात डोंगरात पहाटे कुडकुडतात. बाई शिक्षकांना बऱ्याच शाळांत स्कर्टच लागतो, गुडघ्याच्या खाली, पुरुषांना शर्ट-पँट आणि बूट. सहज काढता येतील अशा चपला, दिवसातून वीस वेळा काढाव्या लागतात. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं (डबा नीट सील करून, माझा एकदा विमानात फुटला, बायबलला अजून वास येतो). छोट्या भेटी. आणि मी नेली होती टाळांची एक जोडी, त्याची गोष्ट पुढे येते. एअरपोर्टच्या एक्स-रेला त्यांनी ती दोनदा बाहेर काढून बघितली, मग मी वाजवून दाखवली, मग लाईनमधली माणसं हसायला लागली.

फोनमध्ये लाईन नावाचं ॲप टाका, तिथे व्हॉट्सॲप कोणी वापरत नाही, शाळेचे सगळे निरोप लाईनवर. आणि टॅक्सीसाठी ग्रॅब.

पायरी सात: पहिला आठवडा वर्गात

सकाळी आठला झेंडा. सगळी शाळा मैदानात, राष्ट्रगीत, तेव्हा जिथे असाल तिथे उभे राहा, बसस्टँडवर असलात तरी. मग वर्ग. चाळीस-पन्नास पोरं, हातात माईक, आणि हजेरी. हजेरीचं पुस्तक थाईत, आडनावं हातभर लांब, पण घाबरू नका, प्रत्येकाला टोपणनाव असतं आणि तेच चालतं. माझ्या वर्गात एक बँक होता, एक गोल्फ, एक फिल्म, एक आईस, आणि एक सहावीतला गोड मुलगा ज्याचं नाव बीअर. मिशनच्या शाळेत, पहिल्या बाकावर, बीअर. पहिल्या दिवशी मी त्याला तीनदा विचारलं.

आता खरं काम. थाईत शब्दाच्या शेवटी मोजकेच आवाज येतात, त्यामुळे इंग्रजी शब्दाचं शेपूट पोरं गिळतात नाहीतर बदलतात. स्कूलचं स्कून, फुटबॉलचं फुटबॉन, हाऊसचं हाव. अनेकवचन नाही, भूतकाळाचं वेगळं रूप नाही, म्हणजे जिथे एस आणि ईडी लागतो नेमकं तेच गायब. मी पहिले तीन दिवस फळ्यावर नियम लिहीत बसले, पोरं सुंदर अक्षरात उतरवून घेत होती आणि एकालाही काही येत नव्हतं.

चौथ्या दिवशी सुचलं ते आईसमुळे. अख्खा वर्ग त्याला "आय" म्हणतो. मी त्याला पुढे उभं केलं, फळ्यावर डोळा काढला आणि बर्फाचा तुकडा काढला, आणि सांगितलं की तुम्ही याला डोळा म्हणताय, बर्फ म्हणा. मग सगळ्यांनी सापासारखा स्स्स लावायचा, जितका लांब तितके मार्क. आईसने स्वतः सगळ्यात लांब लावला, तोंड लाल होईपर्यंत. त्यानंतर कोणी शेपूट गिळलं की मला काही बोलावं लागायचं नाही, मागच्या बाकावरून कोणीतरी स्स्स करायचं. हे पुस्तकात नव्हतं. तुम्हाला तुमच्या वर्गातला आईस शोधावा लागेल.

काही बारीक गोष्टी पटापट. पोरं "समजलं का" विचारलं तर नेहमी हो म्हणतात, समोरच्याला अवघडायला नको म्हणून, याला तिथे क्रेंगचाय म्हणतात, म्हणून विचारू नका, करून दाखवायला सांगा. एकट्याला उभं करून चूक दाखवू नका, गटात करा. मजा नसेल तर शिक्षण नाही असं त्यांचं मत आहे, सनुक हा शब्द दिवसातून पन्नासदा ऐकाल. आवाज चढवलात तर तुमची किंमत जाते, त्यांची नाही. आणि स्पोर्ट्स डेच्या तयारीत आठवडाभर वर्ग होत नाहीत, कोणी आधी सांगत नाही, चिडू नका, ढोल वाजवा त्यांच्याबरोबर.

जून महिन्यात असाल तर वाय ख्रू बघायला मिळेल, शिक्षकांना वंदन करायचा दिवस, बहुतेक गुरुवारी. माझा हुकला कारण मी हिवाळ्यात जाते, पण फोटो बघितले. मुलं ताटात काय आणतात? वांग्याची फुलं, लाह्या आणि दूर्वा! आपल्याकडे गणपतीला वाहतो त्या दूर्वा. ख्रिस्ती शाळांत हा दिवस आपापल्या पद्धतीने करतात, तुम्ही काय करायचं ते तिथल्या प्राचार्यांना विचारा, स्वतःचं धर्मशास्त्र तिथे पाजळू नका.

पायरी आठ: मंडळीत

करेन मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, उभं केलं की आपण लगेच सुरू होतो, नगरी थाटात, अर्धा तास. थांबा. तुमचं इंग्रजी आधी एकजण थाईत करणार, मग म्हाताऱ्या माणसांसाठी दुसरा करेनमध्ये, म्हणजे दहा मिनिटांचं अर्ध्या तासाला जातं. एक वाक्य, मग थांबा. छोटं वाक्य. म्हणी नको, विनोद तर मुळीच नको, मी एकदा गाढवाचा विनोद सांगितला, दोन भाषांतरांनंतर एक आजी डोळे पुसायला लागल्या. काय पोचलं देव जाणे. भाषांतर करणाऱ्याला आदल्या रात्री कागद द्या, वचन कुठलं ते सांगा, म्हणजे तो आपल्या पवित्र शास्त्रात खूण घालून ठेवतो.

गाणं मात्र थेट पोचतं. करेन लोक चार आवाजांत गातात, कुठलाही क्लास न लावता, शेतावरून आलेला माणूस मागच्या बाकावरून सरळ बास पकडतो. मी टाळ काढले आणि एक मराठी भजन म्हटलं, त्यांना शब्द कळायचं कारण नाही, पण दुसऱ्या कडव्याला पोरांनी टाळ माझ्या हातातून घेतले आणि तिसऱ्याला खालून चार सूर लागले. भजनाला हार्मनी! आपल्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) ऐकली असती तर पंचकमिटीने मीटिंग बोलावली असती.

उपासनेनंतर सगळे एकत्र जेवतात, जमिनीवर बसून, भात आणि मिरचीची चटणी आणि रानातली भाजी. जेवायला थांबा, भांडी घासायला बसा. माझी जी काही खरी ओळख झाली ती भांड्यांच्या नळावर झाली, स्टेजवर नाही. "ता ब्लू" म्हणजे करेनमध्ये थँक्यू, हा शब्द थाईपेक्षा जास्त कामाला आला.

दारोदार पत्रकं वाटायला जाऊ नका. कोणी तुम्हाला आणलं, कोणाला पुढे राहायचंय, कोणाची शेजाऱ्यांशी रोजची देवाणघेवाण आहे? त्यांची. आपण फेब्रुवारीत विमानात बसणार. विचारलं तर बोला, न विचारता पाळकांच्या परवानगीशिवाय काही सुरू करू नका.

पायरी नऊ: मुलांच्या बाबतीत, इथे सूट नाही

मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही. गाडीवर लिफ्ट द्यायची नाही. खाजगी चॅट नाही, ग्रुपवर, आणि त्यात दुसरा शिक्षक हवाच. आपल्या देणगीदारांना दाखवायला गरीब पोरांचे फोटो काढायचे नाहीत, फार वाटलं तर तुमच्या फळ्याचा फोटो पाठवा. शाळेने तुमच्याकडे पोलीस क्लिअरन्स मागितला नाही तर ती शाळा चांगली नाही असं माझं मत. "अनाथालयात" आठवडाभर सेवेचे पॅकेज कोणी विकत असेल तर लांब राहा, तिथल्या पुष्कळ मुलांना आईबाप असतात, आणि दर महिन्याला नवी ताई येऊन रडत निघून जाते हे त्या लेकरांना काही बरं नाही.

पायरी दहा: कायदा, आरोग्य वगैरे

राजघराण्यावर विनोद, टीका, फेसबुकवर शेअर, काहीही नाही. कलम 112 खाली तीन ते पंधरा वर्षं शिक्षा आहे, एकेका गुन्ह्याला. बाईने भिक्खूंना हात लावायचा नाही, त्यांच्या हातात थेट वस्तू द्यायची नाही. कोणाच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही, आणि इथे आपली अडचण, कारण आपण मुलांना आशीर्वाद देतो तो डोक्यावर हात ठेवूनच. करेन मंडळीतही आधी पाळकांना विचारा. पाय मूर्तीकडे किंवा माणसाकडे करून बसायचं नाही.

स्कूटर चालवणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, त्यावर दुचाकीचा प्रकार आहे का बघा, नाहीतर इन्शुरन्सवाले हात वर करतात. मी लाल सोंगथेवमधूनच (शेअर टॅक्सीसारखी गाडी) फिरले, शहरात साधारण तीस बाट, छान चालतं. कुत्रा चावला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्या नाही. डेंग्यूचे डास दिवसाही चावतात. आणि फेब्रुवारी उजाडला की धूर: शेतं आणि रानं जाळतात, एप्रिलपर्यंत हवा इतकी खराब होते की शहरातून दोई सुथेप डोंगर दिसेनासा होतो. दम्याचा त्रास असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी एवढंच करा, एन-95 मास्क न्या.

पायरी अकरा: निघताना

शेवटच्या आठवड्यात रडारड होते, होऊ द्या, पण "मी पुढच्या वर्षी नक्की येते" असं मुलांना म्हणू नका, ती लक्षात ठेवतात. त्यापेक्षा एक वही लिहा पुढच्या शिक्षकासाठी: कुठल्या वर्गाचं काय झालं, कोण लाजतं, कोणाला पुढे बसवायचं, कुठला खेळ चालला, कुठला पडला, फोटोकॉपी मशीन कुठल्या दिवशी चालतं. मी पहिल्या वर्षी नाही लिहिली आणि दुसऱ्या वर्षी गेले तर मधल्या ताईंनी तेच सगळं पहिल्यापासून शोधून काढलं होतं बिचाऱ्यांनी. वर्क परमिटचं काय करायचं ते शाळेला विचारा, बाकी कागदांच्या प्रती जवळ ठेवा, पुढच्या वेळेस लागतात.

टाळ मी तिथेच ठेवून आले, मे चेमच्या देवळात हार्मोनियमच्या शेजारी खिळ्याला टांगलेत. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलं तर नवी दोरी घेऊन जा, गेल्या खेपेला बघितलं तेव्हा एका बाजूची झिजून दोरा निघाला होता.